कोलेस्टेरॉल आणि हृदय : पुणेकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातील ज्येष्ठ नागरिक संघांत आणि सोसायट्यांच्या सभागृहांत व्याख्यान संपले की चिठ्ठ्या येतात, आणि नंतर त्याच विषयावरचे निरोप फोनवर येत राहतात. त्यांतले जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते येथे शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत घेतले आहेत. उत्तरे सर्वसाधारण आहेत. आपल्या गोळीत किंवा डोसमध्ये बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे.

१. कोलेस्टेरॉल म्हणजे नेमके काय? ते रक्तात असणेच वाईट आहे का?

नाही. कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ असून आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात तो असतो. पित्तातील आम्ले, कित्येक संप्रेरके आणि ड जीवनसत्त्व शरीर त्याच्यापासूनच तयार करते. त्यातला मोठा वाटा शरीर स्वतः बनवते आणि त्या कामात यकृताचा वाटा महत्त्वाचा असतो. आहारातून येणारा भाग त्या मानाने थोडा असतो. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नसल्याने रक्तातून त्याची ने-आण प्रथिनांचे वेष्टन असलेल्या सूक्ष्म कणांतून होते. एलडीएल आणि एचडीएल ही अशा कणांची नावे आहेत.

एलडीएलचे कण संख्येने जास्त झाले की ते धमनीच्या अस्तरात शिरून तेथे अडकतात, त्यांना गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशीही तेथेच साचतात आणि वर्षानुवर्षे थर वाढत जातो. एखाद्या दिवशी त्या थराला चीर पडते, तिच्यावर रक्ताची गुठळी बसते आणि धमनी अचानक बंद होते. यालाच आपण हार्ट अटॅक म्हणतो. म्हणून एलडीएल किती आहे याच्याइतकेच तो किती वर्षे तसा आहे, हेही महत्त्वाचे ठरते. पुढच्या बऱ्याच उत्तरांचा आधार हाच आहे.

२. लिपिड प्रोफाइलच्या कागदावर सात-आठ आकडे असतात. त्यांतला पाहायचा कोणता?

प्रथम एलडीएल पाहावा, त्यानंतर नॉन-एचडीएल. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केला की नॉन-एचडीएल मिळतो. लॅबने तो छापला नसेल तर घरीही काढता येतो. समजा एकूण कोलेस्टेरॉल २१२, एचडीएल ३८ आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातील दुसऱ्या प्रकारची चरबी) १९० आहे. नॉन-एचडीएल झाला १७४. जुन्या आणि अजूनही प्रचलित असलेल्या सूत्रात ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग, म्हणजे ३८, आणखी वजा करतात. त्यानुसार एलडीएल आला १३६. (हे सारे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत.) ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे सूत्र चालत नाही आणि एलडीएल थेट मोजावा लागतो.

मधुमेह, पोटाचा घेर आणि वाढलेले ट्रायग्लिसराइड हे त्रिकूट आपल्याकडे घरोघरी दिसते, आणि अशा व्यक्तीत एलडीएलचा आकडा धोका कमी करून दाखवतो. तेथे नॉन-एचडीएल अधिक विश्वासार्ह असतो. त्याचे लक्ष्य एलडीएलच्या लक्ष्यापेक्षा ३० ने जास्त धरतात. कागदाच्या तळाशी छापलेल्या गुणोत्तरांत फार गुंतू नये.

३. एचडीएल चांगले कोलेस्टेरॉल आहे ना? मग तेच वाढवण्याची गोळी का देत नाहीत?

एचडीएल पुरुषांत ४० च्या आणि स्त्रियांत ५० च्या खाली असणे हे वाढलेल्या धोक्याचे लक्षण आहे, हे खरे. मात्र औषधांनी तो आकडा वर नेऊन पाहिला असता हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. शिवाय एचडीएल खूपच जास्त असणाऱ्यांना जास्त संरक्षण मिळते, असेही दिसत नाही. म्हणून उपचार एलडीएलवर केले जातात. ‘माझे चांगले कोलेस्टेरॉल भरपूर आहे, तेव्हा वाईट थोडे वाढले तरी चालेल’ हा हिशेब धरू नये.

४. माझा एलडीएल १२८ आहे आणि लॅबने तो ठळक छापलेला नाही. म्हणजे काळजी नको ना?

लॅबचा कागद सगळ्यांसाठी एकच असतो. लक्ष्य मात्र माणसागणिक बदलते. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वसाधारण आणि कमी धोक्याच्या व्यक्तीचा एलडीएल १०० च्या खाली असावा. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्या जास्त धोक्याच्या व्यक्तीचा ७० च्या खाली असावा. ज्यांना हार्ट अटॅक किंवा पक्षाघात येऊन गेला आहे अशा अतिधोक्याच्या व्यक्तींसाठी ही मर्यादा ५५ आहे.

तेव्हा तिशीतल्या निर्व्यसनी, निरोगी व्यक्तीचा एलडीएल १२८ असेल तर आधी आहार आणि व्यायाम यांवर भर देऊन पुन्हा तपासणी करणे योग्य ठरेल. तोच आकडा अँजिओप्लास्टी झालेल्या गृहस्थांच्या कागदावर असेल तर तो लक्ष्याच्या दुपटीहून जास्त आहे. एवढ्यासाठीच डॉक्टरांना ‘रिपोर्ट नॉर्मल आहे का?’ असे न विचारता ‘माझे लक्ष्य किती?’ असे विचारावे आणि तो आकडा फाइलवर लिहून घ्यावा.

५. तपासणी उपाशीपोटीच करावी लागते का?

बहुतेकांना नाही. खाण्याने एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल आणि एचडीएलमध्ये फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो ट्रायग्लिसराइडमध्ये. ते आधीपासून वाढलेले असेल, किंवा जेवणानंतरच्या नमुन्यात ४०० च्या वर आले, तर १० ते १२ तास उपाशी राहून पुन्हा तपासावे. त्या काळात पाणी चालते. मोठ्या आजारपणानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे एलडीएल खोटा कमी दिसतो, हेही ध्यानात ठेवावे.

६. मी बारीक आहे, वजन कधी वाढले नाही. मलाही तपासणी हवी का?

हवी, आणि याचे उत्तर पुण्याच्याच संशोधनात आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन संशोधकांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे ब्रिटिश संशोधक डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के भरली. वजनकाट्याला जे कळत नाही ते या एका छायाचित्राने दाखवले.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात हेच चित्र नवजात बालकांमध्येही आढळले. इंग्लंडमधील बाळांच्या तुलनेत आपली बाळे वजनाने बरीच कमी होती, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. ‘बारीक पण चरबीयुक्त’ ही ठेवण आपण जन्मतःच घेऊन येतो. त्यामुळे सडपातळ माणसानेही पोटाचा घेर मोजावा आणि रक्त तपासावे.

७. पहिली तपासणी कितव्या वर्षी करावी?

प्रश्न ४ मध्ये उल्लेखलेल्या सूचनांनुसार वयाच्या १८ व्या वर्षी. घरात कोणाला तरुणपणी अटॅक आला असेल किंवा कोणाचे कोलेस्टेरॉल फार जास्त असेल, तर त्याहूनही आधी. ‘चाळिशीनंतर बघू’ ही आपली जुनी सवय मला धोक्याची वाटते, कारण ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला अटॅक येण्याचे मध्यम वय ५३ निघाले, तर इतरत्र ते जवळपास ५९ होते.

८. साजूक तूप खावे की सोडावे? आणि घाण्याचे तेल कितीही चालते, हे खरे का?

हा प्रश्न आला नाही असे एकही व्याख्यान मला आठवत नाही. वरणभातावर तुपाची धार नसेल तर जेवण झाल्यासारखे वाटत नाही, ही भावना मी जाणतो, कारण माझ्या ताटातही तूप असते. परंतु तुपातला ६० टक्क्यांहून अधिक भाग संपृक्त स्निग्धांशाचा (सॅच्युरेटेड फॅटचा) असतो आणि संपृक्त स्निग्धांशामुळे यकृताची रक्तातून एलडीएल उचलण्याची क्षमता कमी होते. तूप साजूक असो, देशी गाईचे असो की घरी कढवलेले असो, त्याची ही घडण बदलत नाही. एक चहाचा चमचा तूप म्हणजे सुमारे ३ ग्रॅम संपृक्त स्निग्धांश. ज्याचा एलडीएल लक्ष्याच्या आत आहे त्याने दिवसाला एखादा चमचा घेण्यास हरकत नाही. ज्याचा नाही त्याने तूप सणावारापुरते ठेवावे. पुरणपोळी तुपाशिवाय खा असे कोणी सांगणार नाही, पण पुरणपोळी रोज होत नाही.

घाण्याच्या तेलाला वास आणि चव चांगली असते, त्यातले काही सूक्ष्म घटकही टिकतात. स्निग्धांशाची घडण मात्र बियांवर ठरते. शेंगदाणा आणि करडई ही आपल्याकडची जुनी तेले या दृष्टीने चांगली आहेत; खोबरेल तेलात संपृक्त स्निग्धांश ८५ टक्क्यांच्या पुढे असतो, पामतेलात निम्मा. प्रमाण म्हणाल तर माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल हा सोपा हिशेब आहे. चौघांच्या घरी पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर तेल कोणते हा प्रश्न मागाहून येतो.

वनस्पती तुपातील ट्रान्स फॅट सर्वांत घातक असते, कारण ते एलडीएल वाढवते आणि एचडीएल घटवते. आपल्या देशात जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील त्याचे प्रमाण २ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले आहे. तरी तळणीचे तेच तेल पुन्हा पुन्हा तापवणे वाईटच. गाडीवरच्या वड्याबाबत किंवा मिसळीच्या तर्रीबाबत हे घरबसल्या कळणार नाही. म्हणून तो बेत रोजचा नसावा.

९. शेंगदाणे आणि खोबरे यांत कोलेस्टेरॉल असते का? तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ लिहिलेले असते, ते काय?

कोलेस्टेरॉल केवळ प्राणिजन्य पदार्थांत असते, त्यामुळे कोणत्याही वनस्पतीच्या तेलावर हे शब्द छापता येतात, पामतेलावरसुद्धा. पिशवीवर संपृक्त स्निग्धांशाचा आकडा वाचावा. शेंगदाणे, बदाम, अक्रोड मूठभर चालतात, मात्र खारवलेले किंवा तळलेले नकोत. खोबऱ्यात कोलेस्टेरॉल नसते, संपृक्त स्निग्धांश असतो (प्रश्न ८ पहा).

१०. मी शुद्ध शाकाहारी आहे, चतुर्थी-एकादशीचे उपवासही करते, तरी ट्रायग्लिसराइड २८० कसे?

ट्रायग्लिसराइड वाढवण्यात तेलातुपाइतकाच वाटा साखर, मैदा, साबुदाणा-बटाट्यासारखा पिष्टमय आहार आणि मद्य यांचा असतो. गरजेपेक्षा जास्त मिळालेल्या पिष्टाचे यकृत चरबीत रूपांतर करते. साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचे कूट आणि तूप, जोडीला बटाट्याचा पापड आणि दुपारी गोड दही, असा उपवास पोटाला नेहमीच्या जेवणापेक्षा जड पडतो. उपवास श्रद्धेचा विषय आहे, तो मोडावा असे मी म्हणणार नाही. भगर, राजगिरा, ताक, फळे आणि काकडीची कोशिंबीर यांवर तो उत्तम होतो.

एरवीच्या दिवशी ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, मेथी, गवार ठेवावी. विरघळणारे तंतू आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवतात आणि त्यांच्या भरपाईसाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल वापरावे लागते. मधुमेह आटोक्यात नसेल तर मात्र आधी तो आणावा लागतो, त्याशिवाय ट्रायग्लिसराइड उतरत नाही. ५०० च्या पुढे गेल्यास स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते. तेव्हा विलंब करू नये.

११. अंडे खावे का?

एका बलकात सुमारे २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते, परंतु बहुतेकांच्या रक्तावर त्याचा परिणाम संपृक्त स्निग्धांशापेक्षा कमी होतो. निरोगी व्यक्तीला दिवसाला एक अंडे चालते. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर बलकाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. लोण्यात परतलेल्या भुर्जीपेक्षा उकडलेले अंडे बरे.

१२. मी रोज तळजाईला फिरतो, तरी एलडीएल हलत नाही. मग चालण्याचा उपयोग काय?

चालण्याने एलडीएल फारसा उतरत नाही, हे आधीच सांगितले जात नाही म्हणून लोक निराश होतात. त्याने ट्रायग्लिसराइड, रक्तदाब, साखर आणि पोटाचा घेर कमी होतो, आणि हृदयाचे आयुष्य या सर्वांवर अवलंबून असते. आठवड्याला १५० मिनिटे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा वेगाने चालावे. पर्वतीच्या पायऱ्या किंवा वेताळ टेकडीचा चढ त्याहून उत्तम. मात्र चढताना छातीत दाब आला आणि थांबल्यावर तो गेला, तर ती दमछाक समजू नये, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. आणि फिरून आल्यावर टेकडीखाली भजी-चहा झाला, तर चालण्याचा बराचसा हिशेब तेथेच फिटतो.

१३. गोळीने रिपोर्ट नॉर्मल आला. आता बंद करू का?

या पानावरचा एकच प्रश्न वाचायचा असेल तर हा वाचावा. स्टॅटिन गटातील गोळ्या यकृतातील कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) आवर घालतात. मग यकृत आपली गरज भागवण्यासाठी रक्तातला एलडीएल जास्त प्रमाणात उचलते. गोळी चालू असेपर्यंतच हे घडते. बंद केल्यावर काही आठवड्यांत आकडा पूर्वपदावर येतो, आणि प्रश्न १ मध्ये सांगितलेला थर पुन्हा वाढू लागतो. नॉर्मल आलेला रिपोर्ट म्हणजे गोळी काम करत असल्याची पावती आहे.

माझ्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांनी अँजिओप्लास्टीनंतर दोन वर्षे नेमाने गोळी घेतली, एलडीएल ५८ आला, आणि ‘आता शरीराला सवय नको’ म्हणून कोणाला न विचारता त्यांनी ती सोडली. वर्षाच्या आत त्यांना दुसरा अटॅक आला. ते वाचले, पण हृदयाची ताकद निम्म्यावर आली. सोडण्याआधी एक फोन केला असता तर, हे त्यांच्या पत्नीचे वाक्य मी विसरू शकलो नाही.

या औषधांचा इतिहास मोठा आहे. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांना १९७० च्या दशकात बुरशीत पहिले स्टॅटिन सापडले, १९८७ मध्ये अमेरिकेत लोवास्टॅटिनला मान्यता मिळाली, आणि १९९४ मध्ये ४,४४४ हृदयरुग्णांवरील स्कँडिनेव्हियन चाचणीने मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटल्याचे दाखवले. नंतरच्या अनेक चाचण्या एकत्र पाहिल्यावर असे आढळले, की एलडीएल सुमारे ३९ ने उतरला तर मोठे झटके साधारण २२ टक्क्यांनी कमी होतात.

डोस दुप्पट केल्याने एलडीएल आणखी ६ टक्क्यांच्या आसपासच उतरतो, म्हणून कधी कधी एझेटिमाइब ही दुसरी गोळी जोडतात. दोन गोळ्या आल्या म्हणजे आजार बळावला असे नव्हे. खर्चाची अडचण असेल तर जनऔषधी केंद्रात अटोरव्हास्टॅटिन स्वस्त मिळते. अडचण सांगायला संकोचू नये.

१४. स्टॅटिनने पाय दुखतात, यकृत बिघडते, मधुमेह होतो, असे ऐकले आहे. खरे काय?

तिन्हींत तथ्य आहे, प्रमाण मात्र ऐकीव माहितीपेक्षा खूपच कमी आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभर काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे दिले गेले. खऱ्या गोळीच्या त्रासाचा ९० टक्के भाग निष्क्रिय गोळीनेही झाला. दुखणे खोटे नव्हते. कारण वेगळे होते. त्या चाचणीनंतर निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

तरीही दोन्ही मांड्या किंवा दंड नव्याने दुखू लागले, अशक्तपणा आला किंवा लघवी गडद झाली, तर त्वरित डॉक्टरांना कळवावे. डोस किंवा औषध बदलता येते. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या काही प्रतिजैविकांबरोबर हा धोका वाढतो, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची यादी न्यावी. मधुमेहाची शक्यता किंचित वाढते, मुख्यत्वे जे आधीच त्याच्या उंबरठ्यावर असतात त्यांच्यात. हृदयाला होणारा लाभ त्याहून मोठा असतो.

१५. गोळीऐवजी लसूण, जवस, अर्जुनाची साल चालेल का?

लसूण आणि जवसाची चटणी खुशाल खावी, ते चांगले अन्न आहे. इसबगोलाने एलडीएल ५ ते १० टक्के उतरू शकतो. योग्य डोसच्या स्टॅटिनने तो निम्म्यावर येतो, हा फरक लक्षात घ्यावा. अर्जुनाच्या सालीने अटॅक टळतात असे कोणत्याही मोठ्या चाचणीत सिद्ध झालेले नाही. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

१६. आहार तोच, गोळी तीच, तरी कोलेस्टेरॉल अचानक वाढले. असे का?

प्रथम थायरॉइड तपासावे. थायरॉइडचे कार्य मंदावले की एलडीएल वाढतो आणि त्यावर उपचार केल्यावर उतरतो. मूत्रपिंडातून प्रथिने जाणे, पित्तमार्गातील अडथळा आणि स्टिरॉइडसारखी औषधे ही इतर कारणे. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीच्या सुमारास एलडीएल चढतो, म्हणून त्या काळात पुन्हा तपासणी करावी. गरोदरपणात कोलेस्टेरॉल वाढणे स्वाभाविक असते. तेव्हाच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये, आणि स्टॅटिन घेणाऱ्या स्त्रीने गर्भधारणेचा विचार असल्यास आधीच डॉक्टरांना सांगावे.

१७. मुलगा २४ वर्षांचा, जिमला जातो, एलडीएल २१०. लॅबची चूक असेल का?

एकदा पुन्हा तपासून घ्या, थायरॉइडही पाहा (प्रश्न १६). तरीही १९० च्या वर राहिला, तर आनुवंशिक दोषाचा विचार करावा लागतो. हा दोष अडीचशे ते तीनशे लोकांत एकाला असतो. जन्मापासूनच एलडीएल जास्त राहतो आणि आहाराने तो पुरेसा उतरत नाही. कधी टाचेमागची कंडरा जाड झालेली दिसते. उपचार तरुणपणीच सुरू करावे लागतात. आईवडिलांपैकी एकाला दोष असेल तर प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून भावंडांची आणि आईवडिलांचीही तपासणी करावी.

१८. आईचे वय ८२ आहे. आता गोळी कशाला, असे नातेवाईक म्हणतात.

त्यांना पूर्वी अटॅक किंवा पक्षाघात येऊन गेला असेल आणि गोळी सोसत असेल, तर चालू ठेवणेच हिताचे. काहीच झालेले नसताना या वयात नव्याने सुरू करायची का, हे त्यांच्या एकूण प्रकृतीवर, इतर औषधांवर आणि त्यांच्या इच्छेवर ठरते. त्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या वतीने ठरवू नये.

१९. छातीत दुखले तर ऍसिडिटी की अटॅक, हे घरी कसे ओळखावे?

खात्रीने ओळखता येत नाही, आणि तेथेच वेळ जातो. छातीच्या मध्यभागी दाब, तो हात, जबडा किंवा पाठीकडे जाणे, दरदरून घाम, धाप यांपैकी काही असेल तर सोडा-जिरे घेऊन वाट पाहू नये. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात नुसती धाप, मळमळ किंवा गळून जाणे एवढेच असू शकते. १०८ ला फोन करावा, रुग्णाने जिना उतरू नये, स्वतः दुचाकी चालवत जाऊ नये. ईसीजीने पहिला उलगडा होतो. मागच्या महिन्यातला चांगला लिपिड रिपोर्ट या घडीला उपयोगाचा नसतो.

२०. भाऊ ४४ वर्षांचा, कोलेस्टेरॉल नॉर्मल, स्ट्रेस टेस्टही नॉर्मल. तरी अटॅक आला. मग तपासण्यांना अर्थ काय?

स्ट्रेस टेस्ट धमनी बरीच अरुंद झाली असेल तरच दाखवते. चिरणारा थर पुष्कळदा लहान असतो, म्हणून कालची टेस्ट चांगली असूनही आज झटका येऊ शकतो. दुसरे, ‘नॉर्मल’ म्हणजे कोणाच्या मानाने, हे पाहावे लागेल (प्रश्न ४). धूम्रपान, मिश्री-तंबाखू, रक्तदाब आणि साखर यांची नोंद लिपिडच्या कागदावर होत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे लायपोप्रोटीन (ए). हा एलडीएलसारखाच कण आहे, नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये तो वेगळा मोजला जात नाही, आणि त्याचे प्रमाण जवळजवळ सर्वस्वी आनुवंशिक असते. आहाराने किंवा व्यायामाने ते बदलत नाही. प्रश्न ४ मधील सूचनांनुसार ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वरचे प्रमाण धोक्याचे मानले जाते आणि भारतात चारपैकी सुमारे एका व्यक्तीत ते तसे असते. आयुष्यात एकदा तपासले तरी पुरते. भावाचे वाढलेले निघाले तर आपले आणि आपल्या मुलांचेही तपासावे. वाढलेले असल्यास एलडीएल, रक्तदाब आणि साखर यांची लक्ष्ये डॉक्टर अधिक काटेकोर धरतात. भावाच्या डिस्चार्ज कार्डाची प्रत आपल्या फाइलला लावून पहिल्या भेटीलाच डॉक्टरांना दाखवावी.